शाळेचा जमाखर्च गावापुढे मांडला जावा

गावातील प्राथमिक शाळा एका दिवसात बंद पडत नसते. पहिलीत नाव घालणारी मुले प्रथम दहाची सहा होतात, मग सहाची तीन होतात; दोन शिक्षकांपैकी एकाची बदली होते आणि चारही इयत्ता एकाच खोलीत बसू लागतात; अखेरीस एक परिपत्रक येते आणि उरलेली मुले शेजारच्या वाड्यावरील शाळेत पाठविली जातात. त्या दिवशी मात्र सारा गाव हळहळतो. ग्रामसभेत ठराव होतो, निवेदन जाते, माजी विद्यार्थी जुन्या मास्तरांच्या आठवणी काढतात. हे सारे वरातीमागून घोडे! गोमंतकात गेल्या काही दशकांत पटसंख्येच्या अभावी अनेक सरकारी प्राथमिक शाळा बंद झाल्या अथवा शेजारच्या शाळांत विलीन झाल्या. पेडणे व डिचोली या तालुक्यांत सरकारी प्राथमिक शाळा म्हणजे बहुतांशी मराठी शाळा. तेव्हा ही गोष्ट तेथील प्रत्येक मराठी घराने मनाला लावून घेण्याजोगी आहे.

घटत्या पटाची कारणे सांगताना आपण कुटुंबे लहान झाली असे म्हणतो, इंग्रजीचे वेड वाढले असे म्हणतो, अनुदानित संस्थांच्या दारी सरकारी 'बालरथ' उभा राहिला आणि वाड्यावरच्या शाळेकडे नेणारी पायवाट मोडली असेही म्हणतो. ही कारणे खरी आहेत; त्यांतील काही शाळेच्या हातची नाहीत. तथापि एक कारण आपण सहसा उच्चारीत नाही. बाप शाळेत येऊन भांडत नाही, आई सभेत उभी राहून प्रश्न विचारीत नाही. दोघे घरी बसून ठरवितात आणि जूनमध्ये मुलाचे नाव दुसरीकडे घालतात. हा गावाने शाळेविषयी दिलेला निकालच होय. फक्त तो न बोलता दिलेला असतो आणि शाळेला तो उशिरा कळतो. शाळेने आपल्या कामगिरीचा आढावा गावाबरोबर बसून घेतला नाही, म्हणून गावाने तो शाळेवाचून घेतला.

हे असे नेहमीच नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आलेल्या या नव्या काबिजादींत सरकारने प्रजेला तिच्या भाषेत शिकवावे ही अपेक्षाच फोल होती. गावाने आपला पंतोजी आपणच ठेवावा, देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर मुले बसवावीत, मास्तरांच्या जेवणाखाणाची व मानधनाची सोय घरोघर वाटून घ्यावी, अशी ती व्यवस्था होती. 1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतर अशा शाळांना थोडा मोकळा श्वास मिळाला. पणजीत 1908 साली स्थापन झालेल्या मुष्टिफंड संस्थेचे नावच सांगते की, मूठमूठ धान्यातूनही मराठी शाळा उभी राहू शकते. अशा शाळेचा आढावा घेण्यास छापील तक्ता लागत नव्हता. ज्या घरी मास्तर जेवत, त्याच घरात त्यांचा विद्यार्थी रात्री समईपुढे पोथी वाचून दाखवी. तो अडखळला तर ते मास्तरांनाही कळे आणि यजमानासही कळे. त्या व्यवस्थेचे आम्ही उदात्तीकरण करू इच्छीत नाही. कितीएक जातींच्या मुलांस त्या ओसरीची पायरीही चढता येत नव्हती, मुली तर अपवादानेच तेथे दिसत. परंतु शिकविणारा आणि शिकविणाऱ्याचा हिशेब मागणारा हे एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात होते, एवढे खरे.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. 1963 च्या डिसेंबरात दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या वाड्यांवर पाटी कोणी पाहिली नव्हती, तेथील शेतकऱ्याचे, मुंडकाराचे, खाणीवरच्या मजुराचे मूल शाळेत जाऊ लागले. हे कार्य गोमंतकाच्या इतिहासात अक्षय राहील. परंतु प्रत्येक सुधारणेच्या पाठीमागून एक न मागितलेला परिणामही येतो. शिक्षकाचा पगार पणजीहून येऊ लागला, तेव्हा शाळेचा हिशेबही पणजीलाच जाऊ लागला. शेजारच्या सिंधुदुर्गात प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची असते. तेथे निदान मतदाराला जाब विचारता येईल असा एक लोकनियुक्त सदस्य मधे असतो. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा थेट राज्याच्या शिक्षण खात्याची. वाड्यावरील पालक आणि खाते यांच्यामध्ये भागशिक्षणाधिकारी सोडले तर दुसरे कोणी नाही. गाव शाळेचा यजमान होता, तो हळूहळू शाळेचा शेजारी झाला.

कायद्याने ही उणीव ओळखली नाही असे नाही. 2009 चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या कलम 21 अन्वये सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक झाले. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांस प्रमाणशीर स्थान असावे, असे तो कायदा सांगतो. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकासाचा आराखडा करणे, अनुदानाचा विनियोग पाहणे ही समितीची कामे. कलम 24 शिक्षकाकडूनही अपेक्षा करते की, त्याने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात व मुलाची उपस्थिती, त्याची ग्रहणशक्ती आणि त्याने केलेली प्रगती त्यांस सांगावी. याउपर 7 नोव्हेंबर 2015 रोजी केंद्राकडून 'शाळासिद्धी' आली. सात क्षेत्रे आणि 46 मानके धरून शाळेने स्वतःचे मूल्यमापन स्वतःच करावे, असा तो उपक्रम; आणि त्या सात क्षेत्रांतील शेवटचे क्षेत्र म्हणजे समाजाचा सहभाग! कागदावर पाहता शाळा आणि गाव यांच्या संवादात कशाचीही वाण नाही.

मग अडते कोठे? एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळून, माध्यान्ह आहाराची नोंद ठेवून, निवडणुकीचे काम उरकून जो शिक्षक रात्री संगणकापुढे बसतो, तो 46 मानकांपुढे खुणा करतो आणि सुटकेचा निःश्वास टाकतो. समितीची सभा होते ती सह्यांपुरती. 'समाजाचा सहभाग' या क्षेत्रात आपली पातळी कोणती हे समाजास न विचारताच ठरते. त्या शिक्षकास आम्ही दोष देत नाही. ज्या आढाव्याचा वाचक केवळ वरिष्ठ कार्यालय असते, तो आढावा वरिष्ठ कार्यालयास रुचेल असाच लिहिला जातो. हा मनुष्यस्वभाव आहे.

केवळ सभा बोलावून हा प्रश्न सुटेल असे समजणाऱ्यांनी उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्याची हकीकत ध्यानात घ्यावी. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डफ्लो प्रभृती अभ्यासकांनी तेथील 280 गावांत केलेला प्रयोग 2010 साली प्रसिद्ध झाला. गावात शिक्षण समिती आहे हे पुष्कळ पालकांस ठाऊकच नव्हते. काही सदस्यांस तर आपण सदस्य आहोत याचाही पत्ता नव्हता. आपल्या मुलास वाचता येते असा समज असलेल्या कित्येक पालकांचा तो समज खोटा होता. काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावून सांगण्यात आले, तर काहींत त्याशिवाय गावकऱ्यांनीच मुलांचे वाचन तपासून त्याचा अहवाल सभेपुढे ठेवला. पण एवढ्याने शाळा सुधारली नाही. फरक पडला तो जेथे गावातील तरुणांस वाचन शिकविण्याची साधी रीत देऊन वर्ग चालविण्यास सांगितले तेथे, आणि तोही त्या वर्गांस आलेल्या मुलांत. या प्रयोगाचा बोध आमच्या मते स्पष्ट आहे. सभेत अधिकारांची व्याख्याने झडून उपयोग नाही. आढाव्याच्या अखेरीस प्रत्येकाच्या हाती काही निश्चित काम पडले पाहिजे. नाहीतर तो आढावा नव्हे, केवळ करमणूक.

गावापुढे परीक्षा देण्याची परंपरा मराठी शाळेला नवी नाही. जोतीराव फुले यांनी पुण्यात चालविलेल्या मुलींच्या शाळांच्या परीक्षा 1852 व 1853 साली मोठ्या समुदायापुढे जाहीरपणे झाल्या होत्या. मुली शिकू शकतात की नाही, असा वाद शहरात पेटलेला असता त्याला उत्तर पत्रके काढून नव्हे, तर मुलींच्या वाचनाने देण्यात आले. सीमेपलीकडे कर्नाटकातही मुलांचे शिक्षण पालकांसमक्ष दाखविण्याचा 'समुदायदत्त शाळे', म्हणजे समाजाकडे जाणारी शाळा, हा उपक्रम चालविण्यात आला. चांगली गोष्ट कोणत्या भाषेच्या प्रांतातून आली हे पाहण्याचे कारण नाही.

आता आमची सूचना. जत्रा पार पडली की देवस्थानच्या महाजनांची सभा भरते, जमाखर्च वाचला जातो, एका समईच्या तेलापासून दशावतारी मंडळीच्या बिदागीपर्यंत सर्व खर्च सर्वांपुढे येतो, आणि कोणास शंका असेल तर ती तेथेच निघते. देवाचा हिशेब चारचौघांत मागण्यात ज्या गावास संकोच वाटत नाही, त्याने मुलांच्या शिक्षणाचा हिशेब मागण्यात का लाजावे? वर्षाअखेर एक दिवस शाळेचा असावा. तो स्नेहसंमेलनाचा नव्हे. हारतुरे, पाहुण्यांची भाषणे, बक्षीससमारंभ यांस त्या दिवशी रजा असावी. वेळ संध्याकाळची असावी, म्हणजे कामावर जाणाऱ्या आईबापांची रोजंदारी बुडणार नाही. जागा शाळेचीच असावी. सभामंडपात ज्यांस अवघडल्यासारखे वाटेल अशांनाही शाळेच्या व्हरांड्यात परके वाटू नये.

त्या सभेपुढे चार गोष्टी याव्यात. पहिली, मुलांचे वाचन. आधी न दाखविलेला उतारा मुलांनी वाचावा, एक साधे पत्र लिहावे, बाजाराचा एक हिशेब करावा. कोणा एका मुलाची फजिती होऊ देऊ नये. उतारे आधी एकेकाकडून स्वतंत्रपणे वाचून घ्यावेत आणि सभेस फक्त आकडा सांगावा की, चौथीतील इतक्या मुलांपैकी इतकी सुरळीत वाचतात, इतकी अडखळतात, इतक्यांस अजून जोडाक्षरे येत नाहीत. ज्यांस हौस आहे त्यांनी खुशाल सर्वांसमोर वाचावे. 2021 साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' योजनेने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास वाचन व अंकज्ञान यावे हे लक्ष्य 2026-27 साठी ठेवले होते. ते लक्ष्य आपल्या वाड्यावर कितपत गाठले गेले, हे प्रत्येक आईस कळलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट दिवसांची. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस व 800 तास अध्यापन व्हावे, असे कायद्याचे परिशिष्ट सांगते. आपल्या शाळेत प्रत्यक्ष किती दिवस शिकविणे झाले? शिक्षक सरकारी कामासाठी किती दिवस बाहेर होते? मुले किती दिवस गैरहजर होती आणि कोणत्या महिन्यांत? येथे शाळेचा हिशेब आणि घराचा हिशेब एकमेकांशेजारी येऊन बसतात, हे लक्षात घ्यावे. तिसरी गोष्ट पैशाची व साधनांची. अनुदान किती आले, कशावर गेले, आहार पुरविणाऱ्या स्वयंसहाय्य गटाविषयी मुलांचे म्हणणे काय, शौचालयात पाणी आहे का. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, गेल्या वर्षीच्या सभेत जे ठरले त्यातील काय झाले आणि काय राहिले. पुढील वर्षासाठी तीनहून अधिक ठराव करू नयेत; परंतु प्रत्येक ठरावापुढे कोण करणार आणि केव्हापर्यंत, हे लिहावे. जे शाळेच्या वा गावाच्या आवाक्याबाहेरचे असेल, उदाहरणार्थ दुसरा शिक्षक, ते भागशिक्षणाधिकाऱ्यांपुढे लेखी ठेवावे आणि त्यांचे लेखी उत्तर पुढील सभेत वाचून दाखवावे. साठ मुलांपर्यंतच्या शाळेसही दोन शिक्षक असावेत, असे कायदाच म्हणतो. तेव्हा ही मागणी भीक नव्हे.

या सूचनेवर आक्षेप येतील. निरक्षर पालकांस शिक्षणातले काय कळणार, असे काहीजण म्हणतील. ज्या आईस स्वतःला वाचता येत नाही, तिलाही आपले मूल वाचते आहे की पाठ केलेले म्हणते आहे, हे कानांनी कळते. कोकणी बोलणाऱ्या किंवा कामासाठी येथे येऊन राहिलेल्या कन्नड, हिंदी भाषिक पालकांस सभा कळेल अशी तजवीज मात्र केली पाहिजे. कारण त्यांची मुले या शाळांच्या पटावर आहेत आणि त्यांचा हक्क इतरांहून रतिभर कमी नाही. दुसरे म्हणतील, गावचे राजकारण शाळेत शिरेल. ती भीती अनाठायी नाही. म्हणूनच त्या दिवशी व्यासपीठ नसावे. पंचाने, आमदाराने यावे ते पालक म्हणून, श्रोता म्हणून. अध्यक्षस्थान समितीतील एखाद्या आईकडे असावे. शिक्षकाचा अपमान होईल, हा तिसरा आक्षेप. शिक्षकाविषयीची व्यक्तिगत तक्रार त्या सभेत घेऊ नये, ती समितीने वेगळी ऐकावी. आढावा शाळेचा आहे, खटला शिक्षकाचा नाही. किंबहुना एकट्याने चार इयत्ता ओढणाऱ्या शिक्षकाची ओढाताण गावास त्याच दिवशी प्रथम कळेल आणि त्याची बाजू घेऊन खात्याशी बोलणारे चार लोक उभे राहतील.

सर्वांत गंभीर आक्षेप निराळाच आहे. खरे सांगितले तर शाळा बंद होईल, अशी भीती शिक्षकास वाटते. इंग्लंडात 1862 साली रॉबर्ट लो यांनी मुलांच्या परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत आणली. मुंबई इलाख्यातील अनुदानांतही तिचा अवलंब झाला. परिणाम असा झाला की, मुले वाचनाची पुस्तके पाठ करू लागली आणि शिक्षक निरीक्षकाच्या भेटीसाठी शिकवू लागले. कवी व शाळानिरीक्षक मॅथ्यू आर्नल्ड यांनी तिला कडाडून विरोध केला आणि शतकाच्या अखेरीस इंग्लंडला ती सोडावी लागली. हा धडा शिक्षण खात्याने विसरू नये. गावाच्या आढाव्यात जी उणीव दिसेल, तिच्या आधारे शाळा विलीन करण्याचा वा शिक्षकावर ठपका ठेवण्याचा निर्णय घेणार नाही, असे खात्याने निःसंदिग्धपणे जाहीर करावे. सत्याची शिक्षा होणार असेल, तर सत्य कोणी सांगणार नाही. आणि आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

माध्यमाच्या प्रश्नावर गोमंतकात रान उठले ते काही थोडथोडके नव्हे. 1990 च्या धोरणाने प्राथमिक स्तरावरील अनुदान भारतीय भाषांतील शाळांपुरते ठेवले, 2011 च्या निर्णयाने ते इंग्रजी माध्यमास खुले झाले, आणि दोन्ही वेळी मोर्चे निघाले, सभा गाजल्या. त्या लढ्याची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ज्या माध्यमासाठी आपण रस्त्यावर उतरलो, त्या माध्यमात आपल्या वाड्यावरचे मूल नीट वाचते की नाही, हे आपण शाळेच्या खोलीत जाऊन किती वेळा पाहिले? मराठी शाळा टिकावी असे म्हणणाऱ्यांची मुले त्या शाळेत नसणे ही एक विसंगती. आणि ज्यांची मुले त्या शाळेत आहेत, त्यांस शाळेने काहीच न विचारणे ही दुसरी. भाषा सभेत जिंकली तरी पहिलीच्या वर्गात हरू शकते.

आढावा दुहेरी असतो हेही गावाने विसरू नये. शाळेने आपली वही उघडली की गावाने आपलीही उघडावी. चवथीला किंवा जत्रेला मुले किती दिवस घरी ठेवली, संध्याकाळी त्यांच्या हातात मोबाईल किती वेळ होता आणि पुस्तक किती, समितीच्या सभेस किती बाप आले, निवृत्त शिक्षकांपैकी आणि शिकलेल्या तरुणांपैकी किती जणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी मागे पडलेल्या मुलांचे वाचन घेतले, हेही त्याच सभेत वाचले जावे. जौनपूरचा धडा हाच आहे. पूर्वी मूठभर धान्य देणारा गाव आज मूठभर वेळ देऊ शकत नाही, असे आम्हांस वाटत नाही.

मोरजी, हरमलच्या किनाऱ्यापासून मये, साळ, मेणकुऱ्याच्या डोंगरकपारीपर्यंत ज्या ज्या गावी अजून शाळेची घंटा वाजते, तेथील पालकांस आमची विनंती आहे. खात्याच्या परिपत्रकाची वाट पाहू नका. व्यवस्थापन समितीची सभा बोलावण्यास तुम्हांस कोणाची परवानगी लागत नाही. तिच्यात तीन चतुर्थांश मते तुमची आहेत. यंदाचे वर्ष संपण्यापूर्वी एक संध्याकाळ शाळेसाठी काढा. मास्तरांना, बाईंना सांगा की, आम्ही दोष काढण्यास नव्हे, हिशेब मांडून घेण्यास येत आहोत, आणि आमचाही हिशेब बरोबर आणीत आहोत. शाळेविषयी गावाचे जे म्हणणे असेल ते शाळेच्या व्हरांड्यात, मुलांच्या देखत, मोकळेपणाने निघू द्या. ते तेथे निघाले नाही, तर पुढील जूनमध्ये पटावर निघेल. आणि पटाशी वाद घालता येत नाही.